साडूची मे महिन्यातली स्कूटर

पत्राचा सारांश (2025 अखेरचं पत्र): कोल्हापूरचे एक वाचक, वय 44. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतात. रोजचं जाऊन-येऊन 40 किलोमीटर, 2011 च्या सुरुवातीला घेतलेल्या पेट्रोल स्कूटरवर. मे 2023 मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं ठरलं होतं. सासरे आजारी पडले, पैसे तिकडे गेले, आणि 1 जूनला केंद्राची सबसिडी कमी होऊन तीच गाडी पंचवीसेक हजारांनी महागली. त्यानंतर नवी योजना येईल म्हणून थांबले. ती आली ती आधीपेक्षा छोटी, म्हणून पुन्हा थांबले. एप्रिल 2025 ला तीही निम्मी झाली. आता राज्याचं नवं धोरण आलंय म्हणतात, पण शोरूममध्ये विचारलं की प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. सप्टेंबरात पेट्रोल स्कूटरवरचा जीएसटी उतरला तेव्हापासून बायको म्हणतेय, 'सरकारनंच सांगितलंय पेट्रोलची घ्या, आता तरी घ्या.' मे 2023 च्या शेवटच्या आठवड्यात गाडी घेतलेले साडू दर कार्यात तो विषय काढतात. सोसायटीचे चेअरमन पार्किंगमध्ये चार्जिंगला नको म्हणतात. प्रश्न असा: पुढची सबसिडी येईपर्यंत थांबावं, की पेट्रोलची घेऊन मोकळं व्हावं? आणि 'सरकारला हे खरंच हवंय की आमची गंमत चाललीय?'

नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. स्टोअर्सचा माणूस म्हणून तुम्ही तारखा आणि रकमा चोख लिहिल्या आहेत. मीही मोजदाद केली. पत्रात 'सबसिडी' बावीस वेळा येते. साडू सात वेळा. पार्किंग एकदाच, तेही शेवटून दुसऱ्या ओळीत. माझ्या मते तुमचं घोडं अडलंय ते त्या ओळीत. पण तिथे नंतर येऊ, कारण आधीच्या बावीस वेळा लिहिलेल्या शब्दाची समजूत घातल्याशिवाय तुम्ही माझं पुढचं ऐकणार नाही.

तुमच्या तारखा बरोबर आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांना सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेचा दुसरा टप्पा एप्रिल 2019 मध्ये सुरू झाला. तेव्हा दुचाकीला बॅटरीत मावणाऱ्या विजेच्या दर किलोवॅट-तासामागे, म्हणजे युनिटमागे, 10,000 रुपये मिळत. जून 2021 मध्ये ते 15,000 केले आणि मर्यादा ठेवली कारखान्यातल्या किमतीच्या 40 टक्के. म्हणजे तीन किलोवॅट-तासाच्या गाडीला 45 हजारांच्या आसपास. 1 जून 2023 पासून पुन्हा 10,000 आणि मर्यादा 15 टक्के. त्याच गाडीची सबसिडी वीस हजारांच्या आसपास आली. मे 2023 मध्ये देशात एक लाखाहून जास्त इलेक्ट्रिक दुचाकी नोंदवल्या गेल्या, जूनमध्ये पन्नास हजारसुद्धा नाहीत. साडूंसारख्या हजारो लोकांनी शेवटच्या आठवड्यात रांग लावली म्हणून मे फुगला आणि म्हणून जून रिकामा पडला. धोरणाचा खरेदीवर किती परिणाम होतो याचा याहून ढळढळीत पुरावा शोधायला नको. इथपर्यंत तुमचं-माझं एकमत.

पुढे मात्र तुम्ही एक गोष्ट न तपासता धरून चालला आहात. मे 2023 चा भाव हाच गाडीचा खरा भाव, आणि त्यानंतर जे काही द्यावं लागेल ते नुकसान, असं. का बरं? तो भाव तर सगळ्यात कृत्रिम होता. चाळीस टक्क्यांपर्यंतचा भार सरकार उचलतंय अशी किंमत बाजारात फार काळ टिकत नसते. ती टिकवायची नव्हतीच. कारखाने उभे राहावेत, रस्त्यावर पुरेशा गाड्या दिसाव्यात, लोकांची भीती जावी, तेवढ्यापुरती ती ढकलणी होती. बंद पडलेल्या गाडीला चार जण मागून ढकलतात. गाडी सुरू झाली की हात सोडतात, कागलपर्यंत धावत कोणी येत नाही.

हात सोडायचा कसा, यावर मात्र सरकारांवर टीका करायला भरपूर जागा आहे, आणि ती मी करते. जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथे डिसेंबर 2023 मध्ये एका शनिवारी जाहीर झालं की इलेक्ट्रिक मोटारींच्या अनुदानाचे अर्ज उद्यापर्यंतच. न्यायालयाच्या निकालामुळे सरकारच्या तिजोरीत मोठं खिंडार पडलं होतं, त्याचा पहिला फटका इथे बसला. गाडी बुक करून डिलिव्हरीची वाट पाहत बसलेले लोक एका रात्रीत उघडे पडले. पुढच्या वर्षी तिथली इलेक्ट्रिक मोटारींची विक्री 27 टक्क्यांनी घसरली. याउलट नॉर्वे. त्यांनी नव्वदच्या दशकापासून गाडीवरचे कर माफ केले, नंतर मूल्यवर्धित करही माफ केला, आणि पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवरचा कर चढाच ठेवला. रोख रक्कम हातावर ठेवण्याऐवजी कराचा फरक वर्षानुवर्षं तसाच राखला. 2024 मध्ये तिथे विकलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या. नॉर्वेकडे तेलाचा पैसा आहे, लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी आहे, तुलना लांबवू नये हे कबूल. पण किती मिळणार यापेक्षा उद्याही मिळणार का, याला माणूस जास्त बिचकतो. तुमच्या पत्रातली सगळी चिडचिड त्याचीच आहे.

आपल्याकडे फेम मार्च 2024 ला संपली. मध्ये चार महिन्यांची एक तात्पुरती योजना आली, तिला आणखी दोन महिने जोडले. मग 1 ऑक्टोबर 2024 पासून पीएम ई-ड्राइव्ह, एकूण तरतूद 10,900 कोटींची. तुम्ही लिहिता, 'ती आली ती आधीपेक्षा छोटी.' दुचाकीच्या बाबतीत खरं आहे: पहिल्या वर्षी किलोवॅट-तासाला 5,000 आणि जास्तीत जास्त 10,000. 2025-26 मध्ये 2,500 आणि जास्तीत जास्त 5,000. पण हा उतार योजना आली त्याच दिवशी कागदावर लिहिलेला होता. ऑगस्ट 2025 मध्ये योजनेची मुदत 2028 पर्यंत वाढवली तेव्हाही दुचाकी-तीनचाकीची शेवटची तारीख मार्च 2026 हीच ठेवली. मुदतवाढ मिळाली ती बस, ट्रक, रुग्णवाहिका, चार्जिंग स्टेशन यांना. म्हणजे सरकारने आपल्या परीने सांगितलंय की तुमच्या गाडीला ढकलायचं काम आता होत आलं. तुम्ही ज्या 'पुढच्या मोठ्या सबसिडी'ची वाट पाहताय, तिची एकही खूण या कागदांत मला दिसत नाही. बाजारात तुरी आणि तुम्ही अडीच वर्षं फोडणीची तयारी करताय.

आता हिशेब करू. तुमच्याच आकड्यांनी.

महिन्याला 25 दिवस, रोज 40, म्हणजे 1,000 किलोमीटर. तुमची जुनी स्कूटर लिटरला 45 देते म्हणता. म्हणजे महिन्याला 22 लिटर, लिटरचे 105 धरले तर 2,300 रुपये. तेच अंतर तीन किलोवॅट-तासाच्या इलेक्ट्रिक स्कूटरने. कंपनी काहीही सांगो, हायवेवर पन्नासच्या वेगाने, मागे डबा आणि रेनकोट, कागलकडून येताना समोरून वारा, अशा अवस्थेत एका चार्जला 80-85 धरा. माझी स्वतःची गाडी कागदावर 'शंभर'ची आहे, उभ्या आयुष्यात तिने ऐंशी ओलांडलेले नाहीत. म्हणजे महिन्याला बाराएक वेळा चार्जिंग, भिंतीतून प्रत्येक वेळी साडेतीन युनिट, एकूण 42 युनिट.

इथे थांबा, कारण यूट्यूबवरचे लोक ही पायरी गाळतात. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांचं असतं. पहिल्या 100 युनिटांना एक दर, त्यापुढच्या 300 पर्यंतच्या युनिटांचा जवळजवळ दुप्पट. तुमचं घरगुती बिल 90 ते 110 युनिटांचं आहे, तुम्हीच लिहिलंय. मग स्कूटरची ही 42 युनिटं बहुतेक सगळी महागड्या टप्प्यात पडणार. 'दहा रुपयांत फुल चार्ज' वगैरे विसरा. वीज शुल्क, वहन आकार सगळं धरून महिन्याला 550 ते 600 रुपये समजा. तरीही 2,300 आणि 600. महिन्याला 1,700 वाचतात.

जून 2023 पासून ऑक्टोबर 2025 अखेर 29 महिने झाले. 29 गुणिले 1,700, म्हणजे 49 हजार आणि वर काही. हुकलेले पंचवीस हजार वसूल करायला थांबलात आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम पेट्रोल पंपावर देऊन आलात. रागावू नका. कर्जाचं व्याज आणि इलेक्ट्रिक गाडीची जास्तीची किंमत वजा केली तर चित्र इतकं भयंकर राहत नाही. पण थांबण्यालाही बिल येतं, आणि ते दर आठवड्याला शंभर-शंभरच्या नोटांनी येत असल्यामुळे दिसत नाही, एवढं स्टोअर्सच्या माणसाला समजावून सांगायला नको.

वहिनींचा मुद्दा मला साडूंपेक्षा जास्त गंभीर वाटतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नव्वद हजारांची स्कूटर सात हजारांनी उतरली. इलेक्ट्रिकचा जीएसटी ऑगस्ट 2019 पासून 5 टक्के आहे, तो तिथेच राहिला. म्हणजे दोन्ही करांतली दरी 23 वरून 13 टक्क्यांवर आली. एका हाताने इलेक्ट्रिकला ढकलायचं आणि दुसऱ्या हाताने पेट्रोलची वाट सोपी करायची, असं हे दिसतं, आणि दिसतं तसंच आहे. तुमच्या 'सरकारला हवंय की नाही' या प्रश्नाचं उत्तर इथे दडलंय. तुम्ही ज्याला एक सरकार समजता ती चार-पाच वेगवेगळी दुकानं आहेत. सबसिडी अवजड उद्योग मंत्रालयाची, जीएसटी परिषदेचा, रस्ता कर राज्याचा, विजेचा दर नियामक आयोगाचा. प्रत्येकाचा गल्ला वेगळा, चिंता वेगळी. आपल्याच राज्यात मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक मोटारींवर 6 टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला गेला. एका घरात चार जण मिळून एक भाजी ठरवू शकत नाहीत, हे लक्षात घेतलं की राग थोडा उतरतो.

पण त्या सगळ्या दुकानांतून आजही तुमच्या बाजूने काय पडतंय, ते मोजा. सगळ्यांची नजर पाच हजारांच्या सबसिडीवर. महाराष्ट्रात पेट्रोल स्कूटरला रस्ता कर दहा-अकरा टक्के भरावा लागतो, इलेक्ट्रिकला माफ आहे. लाखाच्या गाडीवर हेच अकरा हजारांच्या घरात जातं. जीएसटीतला 13 टक्क्यांचा फरक म्हणजे आणखी बारा-तेरा हजार. ऑगस्ट 2021 पासून आरसीची नोंदणी फीही माफ आहे. हे सगळं मिळून तुमच्या लाडक्या सबसिडीच्या चार-पाच पट होतं. पण बिलावर 'सूट' म्हणून छापून येत नाही, आणि कार्यात सांगण्यासारखंही नसतं. साडू म्हणणार का, 'मी अकरा हजारांचा रस्ता कर वाचवला'? त्यात मजा नाही.

राज्याच्या धोरणाबद्दल तुम्ही गोंधळला आहात, तो गोंधळ रास्त आहे. एप्रिल 2025 च्या शेवटी मंत्रिमंडळाने नवं धोरण मंजूर केलं, ते मार्च 2030 पर्यंत आहे. समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवरची टोलमाफी गाजली, पण ती मोटारी आणि बसना. तुम्हाला तिचा काडीचा उपयोग नाही, स्कूटर द्रुतगती मार्गावर चालतच नाही. दुचाकीला किमतीच्या 10 टक्के, कमाल 10,000, असं प्रोत्साहन त्या धोरणात आहे, तेही ठरावीक संख्येच्या गाड्यांना. शोरूमगणिक आकडा बदलतो तो यामुळे: कोणी ते धरून भाव सांगतो, कोणी न धरता, आणि कोणी 'नंतर खात्यात येईल' म्हणतो. याला एकच नियम लावा. जी रक्कम बिलात वजा झालेली दिसते तीच सबसिडी. 'नंतर येईल' ती आली तर दिवाळी, नाही आली तर तुमचा हिशेब कोलमडता कामा नये. केंद्राची रक्कम मिळवायची रीत साधी आहे: आधारवरून चेहऱ्याची ओळख पटवून ई-व्हाउचर निघतं, त्यावर तुमची सही लागते, आणि रक्कम बिलातच कमी होते. एका आधारवर एकच दुचाकी. सेल्समन 'फोटो काढूया' म्हणाला की घाबरू नका, पण व्हाउचरवर रक्कम किती आहे ते सही करण्याआधी वाचा.

आणि ऑन-रोड भाव लेखी घ्या. चार्जरसकट. हे मी उगाच म्हणत नाही. फेमच्या काळात काही कंपन्यांनी गाडीची किंमत सबसिडीच्या मर्यादेत बसवण्यासाठी चार्जर आणि सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे लावले होते. 2023 मध्ये सरकारने कान धरला तेव्हा त्यांना चार्जरचे पैसे ग्राहकांना परत करावे लागले.  

आता पार्किंग.

तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता. चेअरमन म्हणतात, 'आग लागली तर जबाबदार कोण?' तुम्ही त्यांना मागासलेले म्हणून मोकळे झालात. मी नाही होणार. 2022 च्या उन्हाळ्यात देशभर स्कूटरना आगी लागल्या, लोक दगावले, त्या बातम्या त्यांनीही पाहिल्या आहेत. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले आणि ते डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आजची गाडी त्या चाचण्यांतून गेलेली असते. पण चेअरमनना हे कोणी सांगितलं? तुम्ही बहुतेक जिन्यात गाठून 'अहो, सगळे करतात' एवढंच म्हणाला असाल. शिवाय त्यांनी आमच्याकडच्या एका बिल्डिंगमध्ये मी पाहिलेलं दृश्य पाहिलं असेल तर त्यांचं काही चुकत नाही. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेली पिवळी एक्स्टेन्शन वायर, मध्ये दुसऱ्या मजल्याच्या कुंडीला एक वळसा, खाली टोकाला उघडा बोर्ड आणि त्यावर पावसापासून बचाव म्हणून दुधाची पिशवी. आग लागली तर ती बहुतेक त्या दुधाच्या पिशवीपाशी लागेल, आणि नाव बॅटरीचं होईल.

म्हणून हे काम असं करा. आधी परवाना असलेला वायरमन बोलवा आणि तुमच्या मीटरपासून तुमच्या पार्किंगच्या जागेपर्यंतचा अंदाज घ्या: पाइपातून नेलेली वायर, 16 अँपिअरचा झाकणाचा सॉकेट, जास्त भार आला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी, आणि अर्थिंग तपासून. खर्च अंतरावर ठरेल, काही हजार रुपये धरा. त्याचा एका पानाचा आराखडा जोडून सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात दोन गोष्टी लिहा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या चालू वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले, त्यानुसार चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. महापालिकेच्या हद्दीत, नवी लाइन ओढायची नसेल तर, नवीन जोडणीची मुदत 7 दिवस आहे. स्वतंत्र जोडणी घेतली तर घरगुती टप्प्यांचा तो दुप्पट दर टळतो, पण दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार दर महिन्याला चढतो. 42 युनिटांसाठी परवडतं का, ते महावितरणच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. तुमच्या घरी स्मार्ट मीटर बसला असेल तर दिवसाच्या वापराला सवलत आहे. पण तुमची गाडी दिवसा कागलला असणार. कारखान्याच्या पार्किंगमध्ये एक सॉकेट मिळतो का, हे विचारलंत का? स्टोअर्सचा माणूस मेंटेनन्सवाल्याशी बोलला तर होणार नाही असं काही नसतं.

अर्ज सौम्य ठेवा. नियमांची प्रत जोडा, पण 'अन्यथा कायदेशीर कारवाई' वगैरे लिहू नका. तुम्हाला त्याच पार्किंगमध्ये पुढची वीस वर्षं गाडी लावायची आहे. जमल्यास सोसायटीत आणखी कोणाला अशी गाडी घ्यायचीय का ते पाहा. दोन अर्ज आले की चेअरमनला तो सभेचा विषय करावा लागतो, आणि सभेपुढे गेलं की 'जबाबदार कोण' हा प्रश्न एकट्या त्यांच्या डोक्यावर राहत नाही. चेअरमन मंडळींना बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

महिना-दीड महिना द्या. तरी परवानगी नाहीच आली, तर दोन वाटा आहेत. एक, काढून घरात नेता येणाऱ्या बॅटरीची गाडी. पण बॅटरीचं वजन उचलून बघा आणि तिसरा मजला आठवा, लिफ्ट आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. शिवाय अशा गाड्यांच्या बॅटऱ्या लहान असतात, 40 किलोमीटरच्या हायवेला ओढाताण होईल. दुसरी वाट वहिनींची. घरी चार्जिंग नसेल तर रोज कुठल्यातरी सार्वजनिक पॉइंटवर तासभर उभं राहून इलेक्ट्रिक चालवण्यात शहाणपण नाही. तेव्हा पेट्रोलची घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. जीएसटीची सवलत तुमच्याही करातूनच आलीय.

एका शोरूममध्ये तुम्हाला '65 हजारांत, लायसन्स नको, आरटीओ नको' अशी गाडी दाखवली, तिच्याबद्दल एवढंच: ती 250 वॅटच्या आतली, ताशी 25 किलोमीटरच्या वरती न जाणारी गाडी. कायद्याने ती मोटार वाहनच नाही, म्हणून कागद लागत नाहीत. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला उत्तम. राष्ट्रीय महामार्गावर ट्रकच्या मध्ये तिच्यावर बसून कागलला जायचं नाही. कोणी 'वेग वाढवून देतो' म्हणालं तर तिथून निघा, ती गाडी मग कागदाविना रस्त्यावर फिरणारं बेकायदा वाहन होते.

बॅटरीची वॉरंटी मात्र वहिनींना सोबत बसवून वाचा. त्यांची खरी धास्ती 'चार वर्षांनी बॅटरीला पन्नास-साठ हजार कुठून आणायचे' हीच असणार, जीएसटी हे निमित्त. वॉरंटीला वर्षं आणि किलोमीटर अशा दोन मर्यादा असतात, जी आधी संपेल ती खरी. तुम्ही वर्षाला 12,000 किलोमीटर चालवणार. तीन वर्षं किंवा 30,000 किलोमीटरची वॉरंटी तुमच्यासाठी अडीच वर्षांचीच आहे. आठ वर्षं किंवा 80,000 ची वाढीव वॉरंटी घेतलीत तर साडेसहा वर्षांहून थोडी जास्त. तुमच्यासारख्या रोज लांब जाणाऱ्याने सबसिडीच्या पाच हजारांवर भांडण्यापेक्षा तितकेच पैसे या वाढीव वॉरंटीत घालावेत, असं मला वाटतं. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की ती बदलून देणार, तो आकडाही विचारा. तो सांगता येत नसेल त्या शोरूममध्ये चहा पिऊन परत या.

तेव्हा माझं मत: सॉकेट मिळत असेल तर इलेक्ट्रिकच घ्या, सबसिडी शून्य धरून. शून्यावर परवडत असेल तर मार्च 2026 च्या आत मिळणारे पाच हजार वरकड. शून्यावर परवडत नसेल तर पाच हजारांनीही परवडणार नाही. रोजचं धावणं दहा-बारा किलोमीटरच असतं तर मी उलट सांगितलं असतं. महिन्याला चार-पाचशे वाचवायला एवढा खटाटोप करण्याची घाई नसते. हे ज्यांचं रोजचं अंतर कमी आहे त्या इतर वाचकांसाठी.

साडूंच्या गाडीला मे 2026 मध्ये तीन वर्षं होतील. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांची बॅटरीची वॉरंटी तीन वर्षांची असे. हे त्यांना कार्यात ऐकवू नका. बाजूला घेऊन सांगा की वाढीव वॉरंटी मिळत असेल तर मुदत संपण्याआधी चौकशी करून ठेवा. सात वेळा लिहिण्याइतका राग असलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकायला त्यांना चमत्कारिक वाटेल, पण उपयोगी पडेल.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. जुनी स्कूटर 2011 च्या सुरुवातीची म्हणालात. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे तुमचं आरसी 2026 च्या सुरुवातीलाच संपतंय. पुढे चालवायची तर आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण, त्याची फी, वर पर्यावरण कर, आणि जुन्या गाड्यांना सक्तीची केलेली ती नवी नंबर प्लेट बसवली नसेल तर तीही. तुम्ही मंत्रालयाच्या तारखा पाठ केल्यात, स्वतःच्या डिक्कीतली तारीख पाहिलेली दिसत नाही. आज संध्याकाळी आरसी काढून बघा, आणि सोसायटीचा अर्ज त्या तारखेच्या आत टाका.